शस्त्रक्रियेत काढलेल्या नमुन्यांची छायाचित्रे कमी खर्चात आणि उपयोगी पडतील अशी कशी काढावीत?

तालुक्याच्या ठिकाणी स्वतःची पॅथॉलॉजी प्रयोगशाळा सुरू केलेल्या एका तरुण सहकाऱ्याचा प्रश्न असा आहे: "महिन्याला तीस-चाळीस मोठे नमुने येतात. ग्रॉसिंगच्या (नमुना डोळ्यांनी तपासून कापण्याच्या) वेळी त्यांचे फोटो ठेवावेत असे मनापासून वाटते, परंतु कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि तयार स्टँड यांचा खर्च परवडणारा नाही. मोबाइलवर भागेल का, आणि भागत असेल तर नेमके काय करावे?"

भागते. गेली बावीस वर्षे मी हे काम करतो आहे आणि त्यातली अलीकडची बरीच वर्षे मोबाइलवरच करतो आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते कॅमेऱ्यावर न करता उजेडावर आणि स्टँडवर करावेत, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याच्याही आधी एक गोष्ट पक्की ठरवावी लागते, ती म्हणजे हा फोटो कशासाठी काढायचा. पुस्तकात छापण्यासारखा देखणा फोटो हा आपला हेतू नाही. सुरी लागल्यावर नमुन्याचे मूळ रूप कायमचे जाते. त्यानंतर कोणता ब्लॉक (तपासणीसाठी मेणात बसवलेला छोटा तुकडा) नमुन्याच्या कोणत्या भागातून आला, हे वर्षभरानेही निःशंकपणे सांगता यावे यासाठी हा फोटो असतो. हा हेतू पक्का असला की किती फोटो, कोणत्या बाजूने आणि कोणत्या टप्प्यावर काढायचे, हे आपोआप ठरत जाते.

हे मी अनुभवाने शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रुग्णालयातून माझ्याकडे गालाच्या आतल्या कर्करोगाचा नमुना आला होता. त्यासोबत खालच्या जबड्याचा तुकडाही होता. हाडाची पुढची आणि मागची कापलेली टोके मी वेगवेगळ्या बाटल्यांत डीकॅल्सिफिकेशनला ठेवली. हाड मऊ व्हायला काही दिवस गेले आणि तेवढ्यात आम्लाने दोन्ही चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन काढली. स्लाइड तयार झाल्या तेव्हा एका टोकात गाठ स्पष्ट दिसत होती, परंतु ते टोक पुढचे की मागचे, हे मला सांगता आले नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना नेमके तेच हवे होते. त्या दिवशी दोन्ही तुकड्यांचा एक फोटो काढलेला असता, तर हाडाच्या आकारावरून आणि करवतीच्या खुणेवरून उत्तर मिळाले असते. तेव्हापासून कर्करोगाचा एकही नमुना मी फोटोशिवाय कापलेला नाही.

महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा आणि माव्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे नमुने लहान गावांतल्या प्रयोगशाळांतही नेहमी येतात. म्हणून याच नमुन्याच्या आधाराने फोटोंचा क्रम सांगतो. पहिला फोटो नमुना आला तसा, म्हणजे टाके, दोरे आणि सोबतच्या चिठ्ठीसह काढावा. दुसरा तोंडाच्या आतल्या बाजूचा, म्हणजे श्लेष्मल त्वचेचा. तिसरा उलट बाजूचा, ज्यात खोल मार्जिन (शस्त्रक्रियेत कापलेली कड) किंवा बाहेरची त्वचा दिसते. चौथा वेगवेगळ्या मार्जिनना रंग लावून झाल्यावर, कोणता रंग कोणत्या बाजूला आहे हे दिसेल अशा बेताने. पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, नमुन्याचे काप करून ते पुढून मागे अशा क्रमाने ट्रेमध्ये मांडल्यावर. अहवालात आपण 'गाठ खोल मार्जिनपासून ४ मिलिमीटरवर आहे' असे लिहितो, तेव्हा त्या वाक्याचा पुरावा या पाचव्या फोटोत असतो. मानेतल्या लसिकाग्रंथी वेगळ्या आल्या असतील तर त्यांचे लेव्हलप्रमाणे, म्हणजे मानेच्या ठरलेल्या भागांप्रमाणे, ढीग मांडून एकच फोटो पुरतो.

गुदाशयाच्या कर्करोगाच्या नमुन्यात कापण्यापूर्वीच्या फोटोंना आणखी वेगळे महत्त्व आहे. ब्रिटिश शल्यचिकित्सक बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या टोटल मेसोरेक्टल एक्सिजन या शस्त्रक्रियेच्या पद्धतीत, गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड आणि गुळगुळीत निघाले आहे की जागोजागी फाटले आहे, यावर शस्त्रक्रियेची प्रत ठरते आणि आजार परत येण्याच्या शक्यतेशीही त्याचा संबंध असतो. नमुना कापण्यापूर्वी त्याचा पुढून एक आणि मागून एक फोटो घेतला नाही, तर ही प्रत नंतर कोणीही पडताळून पाहू शकत नाही. स्तनाच्या नमुन्यात आखूड दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा बाहेरच्या बाजूला, हा संकेत बऱ्याच ठिकाणी चालतो. ते दोरे कापण्याआधी फोटोत आलेच पाहिजेत. याउलट साध्या अपेंडिक्सचे, टॉन्सिलचे किंवा खडे असलेल्या नेहमीच्या पित्ताशयाचे फोटो काढत बसण्याची गरज नाही. पित्ताशयाची भिंत कुठे जाड लागली किंवा आत संशयास्पद उंचवटा दिसला, तर मात्र हातातली सुरी तिथेच थांबवावी.

आता स्टँड. हातात मोबाइल धरून काढलेला फोटो कधी तिरका येतो, कधी हलतो, आणि दोन फोटोंची तुलना करता येत नाही. जुन्या फोटो स्टुडिओत छपाईसाठी वापरायचे एन्लार्जर आता अडगळीत पडलेले असतात. त्याचा डोके काढलेला खांब आणि खालची फळी हे उत्तम स्टँड आहे, आणि मालक ते अनेकदा भंगाराच्या भावात देतात. ते न मिळाल्यास हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची पाइप, एक फ्लँज, एक एल्बो आणि मोबाइल होल्डर घेऊन प्लायवूडच्या फळीवर बसवावे. मला या सगळ्याला १,२०० रुपयांच्या आत खर्च आला होता.

स्टँडची उंची ठरवताना बहुतेकांची एक चूक होते आणि ती मापात उतरते. समजा, मोबाइल टेबलापासून ३० सेंटिमीटरवर आहे, नमुना ६ सेंटिमीटर उंच आहे आणि मोजपट्टी टेबलावर ठेवली आहे. नमुन्याचा माथा कॅमेऱ्यापासून २४ सेंटिमीटरवर येतो, त्यामुळे माथ्यावरची गाठ पट्टीच्या मानाने २५ टक्के मोठी दिसते. ४ सेंटिमीटरची गाठ फोटोत ५ सेंटिमीटर भरते. तोच मोबाइल ६० सेंटिमीटरवर नेला तर हा फरक ११ टक्क्यांवर येतो. म्हणून मोबाइल वर न्यावा, दुप्पट झूम वापरावा आणि मोजपट्टी एखाद्या ठोकळ्यावर ठेवून मोजायच्या पृष्ठभागाच्या पातळीत आणावी. हल्लीचे बरेच मोबाइल वस्तू जवळ आली की आपोआप अतिरुंद लेन्सवर जातात आणि कडेच्या भागाचा आकार ताणून टाकतात. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. एवढ्या उंचीवरून बारकावे हरवतील ही भीती बाळगू नये. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४,००० बिंदूंची रुंदी असते. ती पूर्ण रुंदी २० सेंटिमीटरच्या चौकटीवर पसरली, तर एक बिंदू ०.०५ मिलिमीटरचा होतो, आणि डोळ्यांनी करायच्या तपासणीला तो पुरेसा आहे.

उजेडासाठी २० वॅटच्या दोन एलईडी बॅटन नमुन्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंशांच्या कोनात लावाव्यात आणि त्यांच्यापुढे ट्रेसिंग पेपर ताणून लावावा, म्हणजे सावल्या मऊ होतात. दोन्ही दिवे एकाच कंपनीचे आणि एकाच छटेचे असावेत, आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा अधिक असे छापलेले मिळाले तर थोडे जास्त पैसे द्यावेत, कारण लाल आणि तपकिरी छटांतला फरक अशा दिव्यांतच खरा दिसतो. व्रणाची उचललेली कड किंवा आतड्यातला सपाट पॉलिप दाखवायचा असेल, तर एक दिवा बंद करून दुसरा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणावा. कडेने आलेल्या उजेडात उंचसखलपणा चटकन उठून दिसतो. फोटो काढताना डोक्यावरचा ट्यूबलाइट बंद ठेवावा. स्वस्त एलईडीच्या उजेडात कधी कधी फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की ते जातात.

ओल्या नमुन्यावरची चकाकी हा या कामातला सर्वांत चिवट त्रास आहे. गाठीच्या नेमक्या मध्यावर पांढरा ठिपका पडतो आणि त्याखालचे काही दिसत नाही. पहिला उपाय फुकट आहे: ओलसर गॉजने नमुना हलकेच टिपावा, मात्र तो घासू नये, कारण श्लेष्मल त्वचा सोलली जाते. दुसरा उपाय ध्रुवीकरणाचा. दोन्ही दिव्यांपुढे पोलरायझिंग फिल्म एकाच दिशेने लावायची आणि लेन्सपुढे त्याच फिल्मचा तुकडा काटकोनात फिरवून लावायचा. पृष्ठभागावरून थेट परावर्तित झालेला उजेड त्यात अडतो आणि आतून आलेला रंग तेवढा उरतो. ही फिल्म विकत मिळते, पण टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त करणाऱ्याकडे फुटलेल्या एलसीडी पॅनेलवरची फिल्म मागितली तर तो सहसा देऊन टाकतो. तिचा गोंद स्पिरिटने पुसून काढायला बराच वेळ जातो, तेवढी तयारी ठेवावी. मॉनिटरच्या पुढच्या बाजूची फिल्म बहुधा खरखरीत असते. ती दिव्यांना लावावी आणि खरखरीत बाजू दिव्याकडे ठेवावी. लेन्ससाठी मात्र स्वच्छ, गुळगुळीत तुकडाच घ्यावा. कोन जुळवण्यासाठी काळ्या प्लास्टिकचे ओले झाकण कॅमेऱ्याखाली ठेवा आणि लेन्सपुढचा तुकडा हळूहळू फिरवा. एका जागी झाकणावरची चकाकी एकदम विझते. तिथेच तो तुकडा चिकटपट्टीने पक्का करावा. यात उजेड पाव किंवा त्याहूनही कमी उरतो, म्हणून स्टँडशिवाय हे जमत नाही.

एवढे सांगूनही माझा आग्रह असा की प्रत्येक नमुन्याचा किमान एक फोटो ध्रुवीकरणाशिवाय काढावा. चकाकी ही नेहमीच अडथळा नसते. तिच्यात माहितीही असते. निरोगी सिरोसा (अवयवावरचे पातळ बाह्य आवरण) लखलखतो आणि दाह झालेला निस्तेज दिसतो. म्युसिन (चिकट स्राव) असलेली गाठ कापली की तिचा बुळबुळीत ओलावा डोळ्यांना आधी जाणवतो. ध्रुवीकरणात हे दोन्ही फरक पुसले जातात.

मोबाइल शक्यतो जुना, सिमकार्ड नसलेला आणि फक्त याच कामासाठी ठेवलेला असावा. एचडीआर, ब्यूटी मोड, नाइट मोड आणि दृश्य ओळखून रंग खुलवणारी जी काही सोय असेल ती बंद करावी. अशा सोयी फिकट, करड्या गाठीला गुलाबी करून ठेवतात आणि पाहणाऱ्याला ती निरोगी पेशीजालासारखी वाटते. प्रो मोडमध्ये दिव्याच्या खोक्यावर छापलेले रंगतापमान भरावे आणि पुन्हा बदलू नये. फोकस आणि एक्स्पोजर नमुन्यावर बोट दाबून धरून लॉक करावे. हातात मोजे असताना पडद्याला हात लावायचा नसेल, तर ब्लूटूथचे छोटे शटर बटण प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरावे किंवा मदतनिसाला बटण दाबायला सांगावे. मोबाइलही पारदर्शक झिप पिशवीत ठेवता येतो, फक्त लेन्सपुढे पिशवीला भोक हवे.

पार्श्वभूमी मंद करड्या किंवा काळ्या रंगाची असावी. पांढऱ्या कागदावर कॅमेरा फसतो आणि नमुना काळवंडतो. निळा कापडी ड्रेप रक्त शोषतो आणि दोन नमुन्यांनंतर घाण दिसतो. मी खिडकीची जुनी काच, कडा घासून, चार बरण्यांवर ठेवली आहे आणि तिच्या पंधरा सेंटिमीटर खाली काळे कापड पसरले आहे. सावली काचेतून खाली जाऊन कापडात विरून जाते आणि काच पुसली की पुढच्या नमुन्याची तयारी झाली. स्टीलची मोजपट्टी चकाकते, म्हणून साध्या कागदावर छापलेली पट्टी वापरावी, पण छापताना 'अ‍ॅक्च्युअल साइज' निवडून, १० सेंटिमीटर खरोखर १० भरतात का हे कंपासपेटीतल्या पट्टीने एकदा पाहून घ्यावे. रक्त लागलेली पट्टी टाकून नवी घेता येते.

फॉर्मॅलिनविषयी थोडे. ताज्या नमुन्याचा रंग खरा असतो. १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये एक रात्र गेली की सगळेच करडे-तपकिरी होते. परंतु स्तनाच्या नमुन्यात ईआर, पीआर आणि हर-२ या उपचार ठरवणाऱ्या तपासण्यांसाठी नमुना शस्त्रक्रियेनंतर तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, तेव्हा फोटोच्या हौसेपायी तो बाहेर ताटकळत ठेवू नये. दोन मिनिटांत फोटो होत नसेल तर फोटो सोडावा. रंग गेलेला नमुना ८० टक्के अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवला, तर रक्ताची लाली बऱ्यापैकी परत येते. जर्मन पॅथॉलॉजिस्ट कार्ल कायझरलिंग यांनी संग्रहालयातले नमुने जपण्यासाठी काढलेल्या पद्धतीतली ही मधली पायरी आहे आणि आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संग्रहालयांत आजही तिचा उपयोग होतो. रंग आला की फोटो काढून नमुना लगेच फॉर्मॅलिनमध्ये परत जावा. फॉर्मॅलिनमधला नमुना फोटोपूर्वी वाहत्या पाण्यात धुऊन घ्यावा आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण फॉर्मॅल्डिहाइड हे माणसात कर्करोग करणारे रसायन म्हणून सिद्ध झालेले आहे आणि आपण त्यावर ओणवे होऊन काम करतो.

काही नमुने पाण्यातच खुलतात. द्राक्षगर्भाचे बुडबुड्यांसारखे फुगलेले व्हिलाय (नाळेचे बारीक तंतू) ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून नुसता गोळा दिसतात. तेच काळ्या ट्रेमधल्या पाण्यात सोडले की एकेक द्राक्ष देठासह सुटे होते. आतड्यातल्या झालरदार व्हिलस अ‍ॅडिनोमाचेही तसेच. पाणी उकळून थंड केलेले घ्यावे, म्हणजे हवेचे फुगे चिकटत नाहीत, आणि पाणी लालसर होऊ लागले की बदलावे.

प्रोस्टेट, थायरॉइड किंवा मेंदूच्या सपाट कापांसाठी जुना फ्लॅटबेड स्कॅनर कोणत्याही मोबाइलपेक्षा सरस ठरतो, आणि त्याची शिफारस मी मुद्दाम करतो. लेन्स वर-खाली होण्याचा प्रश्नच नसल्याने मापात चूक येत नाही. ३०० डीपीआयवर एका सेंटिमीटरला ११८ बिंदू मिळतात आणि मोजपट्टीशिवायही आकार काढता येतो. स्कॅनर सीसीडी प्रकारचा, म्हणजे जुना, जाडजूड पाहून घ्यावा, कारण पातळ सीआयएस स्कॅनरमध्ये काचेपासून जरा वर असलेला भाग लगेच धूसर होतो. काचेवर ओएचपीचा पारदर्शक कागद पसरून त्याच्या कडा टेपने बंद कराव्यात, त्यावर काप ठेवावेत आणि झाकणाऐवजी आतून काळा केलेला पुठ्ठ्याचा खोका उपडा घालावा.

आता ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ती ब्लॉकची नोंद. पाचवा फोटो, म्हणजे कापांची मांडणी, साध्या ए-फोर कागदावर छापून घ्यावा आणि ग्रॉसिंग करतानाच लाल पेनने कुठून कोणता तुकडा घेतला ते ए-१, ए-२ असे लिहीत जावे. नंतर त्या कागदाचा पुन्हा फोटो काढून तोही त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. रुग्ण पुढे टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जातो, तेव्हा त्याच्यासोबत ब्लॉक आणि स्लाइड जातात, मूळ नमुना जात नाही. तिथे स्लाइड पुन्हा पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टसाठी हा एक कागद आपल्या दोन पानी वर्णनापेक्षा अधिक सांगतो. छपाईची सोय नसेल तर वहीत पेन्सिलीने काढलेली आकृतीही चालते. तिला एक रुपयाही लागत नाही आणि फोटो असतानाही मी ती काढतो. नमुना हातात फिरवत, बाजू तोंडाने सांगत केलेला वीस सेकंदांचा व्हिडिओही गुंतागुंतीच्या नमुन्यात फार कामाला येतो. चाळीस-पन्नास फोटोंपासून त्रिमितीय प्रतिकृती बनवणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत, पण ओल्या, चकाकत्या पृष्ठभागावर ती गोंधळतात, आणि रोजच्या कामाला त्यांची गरज नाही. माप काढायचे असेल तर इमेजजे हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले मोफत सॉफ्टवेअर पुरे आहे.

फोटोत रुग्णाचे नाव कधीही येऊ देऊ नये. फक्त प्रयोगशाळेचा क्रमांक असावा आणि फाइलचे नावही 'एच-४१२-२५-०१' असे त्यावरूनच ठेवावे. मोबाइलमधले लोकेशन आणि गॅलरीचा आपोआप होणारा ऑनलाइन बॅकअप दोन्ही बंद करावेत. फोटो त्याच दिवशी संगणकावर आणि एका बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून मोबाइलमधून काढून टाकावेत. एका नमुन्याचे ४ एमबीचे आठ फोटो धरले, तरी हजार नमुन्यांना ३२ जीबी पुरतात, तेव्हा जागेचे कारण सांगून फोटो लहान करू नयेत. मूळ फाइलला हात लावू नये. उजेड-रंग बदलायचे असतील तर प्रतीवर बदलावेत. डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, नाही तर बारकावे गळून जातात. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाची ओळख पटेल असा फोटो त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. शिकवण्यासाठी किंवा लेखासाठी फोटो वापरायची शक्यता असेल, तर शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रातच तशी एक ओळ घालून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

शेवटी, शस्त्रक्रिया करणाऱ्यांशी आणखी एक बोलणे करून ठेवावे. आपल्या भागात नमुना पुष्कळदा लोणच्याच्या बरणीत कोंबलेला आणि नातेवाइकांनी एसटीने आणलेला असतो. अरुंद तोंडातून तो बाहेर काढताना टाके सुटतात आणि आकार बदलतो. मी माझ्याकडे नमुने पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना रुंद तोंडाचे चार डबे आणि छापील मोजपट्ट्यांचा एक गठ्ठा देऊन ठेवला आहे. नमुना डब्यात टाकण्यापूर्वी, तो शरीरात जसा होता त्याच दिशेने टेबलावर ठेवून, पट्टीसह एक फोटो परिचारिकेने काढावा आणि मला पाठवावा, एवढीच विनंती केली आहे. तो फोटो कितीही साधा असला तरी मी ग्रॉसिंगला उभा राहिलो की आधी तो उघडतो आणि मगच डब्याचे झाकण काढतो.